मेघाच्या खोलीची सुतळी

आनंदरावांनी हिंगण्याच्या कारखान्यात उभी हयात तार मोजण्यात घालवली. ड्रमवरून तार सुटायची आणि हे मीटर मोजायचे. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट लांबीत मोजली की काम संपलं, अशी त्यांची पक्की समजूत. ते रिटायर झाले, समजूत झाली नाही.

रस्ता रुंद करायला घराचा पुढचा भाग गेला आणि त्यात नेमकी मेघाची खोली गेली. मेघा एकुलती एक लेक, लग्न होऊन पुण्यात. खोली पाडायच्या आदल्या दिवशी आनंदरावांनी चारही भिंतींच्या कडेनं सुतळी फिरवली, वेढा पुरा झाला तिथं गाठ मारली आणि ती गुंडाळून कपाटात ठेवली. प्रेमिलाबाई नवऱ्याच्या प्रत्येक उद्योगावर बोलायच्या, पण या वेळी कपाटात जागा त्यांनीच करून दिली.

तेव्हापासून मेघा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला यायची, दीक्षाभूमीवर जायची, आईच्या हातचं जेवायची आणि झोपायला नणंदेकडे निघायची. "बाबा, इथं जागा कुठं आहे?" खरंच नव्हती. पण ती रिक्षात बसली की आनंदरावांना घर खायला उठायचं. लेकीनं एक रात्र, फक्त एक, आपल्या घरी झोपावं, एवढीच आस त्यांना लागून राहिली होती.

घरामागं एक चिंचोळी पट्टी होती. यंदा त्यांनी मिस्त्री बोलावला, पट्टीत सुतळी अंथरली आणि बजावलं, "एवढीच खोली पाहिजे. बोटभर कमी नको." मिस्त्रीनं सुतळीबरहुकूम भिंती उभ्या केल्या.

"अजी, अरुंद दिसून राहिली," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"रिकामी खोली अशीच दिसते वं. सुतळी तेवढीच आहे ना? मंग!"

पलंग मात्र त्यांना लेकीच्या देखतच लावायचा होता. मेघा आली, तिच्यासमोर तिचा जुना पलंग आत सरकवला, आणि तो दोन भिंतींमध्ये असा फसला की ना पुढं, ना मागं. बाजूनं जायला वाट नाही. आनंदराव धावत जाऊन सुतळी घेऊन आले.

"असं काहून झालं? हे पाह्य, तुह्या जुन्या खोलीची सुतळी. मोजून घे!"

मेघानं सुतळी हातात घेतली, जुन्या गाठीवरून बोट फिरवलं. बाबांनी ती जपून ठेवलीय, हे तिला आजच कळत होतं. मग तिनं अंगणात सुतळीचा चौकोन मांडला आणि समोरासमोरच्या दोन बाजू पायानं जवळ आणत गेली. चौकोन लांब होत गेला, चिंचोळा झाला, शेवटी दोन्ही दोऱ्या एकमेकींना टेकल्या.

"सुतळी तेवढीच आहे, बाबा. आता मधी किती जागा उरली?"

आनंदराव खाली बसले. "मले वाटलं, सुतळी पुरली म्हंजे तू मावशील." मग तोंड फिरवून म्हणाले, "जा बेटा. नणंद वाट पाहून राहिली असंन."

मेघानं फोन लावला. "ताई, आज येत नाही. बाबांकडे झोपते."

तिघांनी मिळून पलंग ओढून काढला. खोलीत तीन गाद्या शेजारीशेजारी बसेनात, पण एकामागं एक बरोबर बसल्या. तशी मेघा अडली. बापाच्या डोक्याकडे पाय कसे करायचे?

"मी उलटा झोपतो ना," आनंदराव म्हणाले.

मेघा मधे, डोक्याला आईचं डोकं, पायांना बाबांचे पाय. लहानपणी ती आपले गार पाय त्यांच्या पोटऱ्यांना लावून झोपायची. आज तळव्याला तळवा लागला.

"अजून गारच आहेत वं तुह्ये पाय," आनंदराव म्हणाले. ती झोपली होती. सकाळी तिची गाडी होती, म्हणून त्यांनी पाय जरासुद्धा हलवला नाही.