एकच शिडी

राज्य नवं झालं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. बंबखान्याची लाकडी शिडी मात्र संस्थानी अमलातलीच राहिली. तीही एकच. म्हणून बंबवाल्यांनी रिवाज पाडला होता: खिडकीतून आत शिरणाऱ्याने आपला पंचा वरच्या पायरीला बांधायचा. पंचा दिसतोय तोवर शिडी हलवायची नाही.

भरदुपारी कृष्णपुऱ्याजवळ कापडाच्या गोदामाला आग लागली. तिसऱ्या मजल्यावर सखुबाई नावाची म्हातारी भाडेकरू अडकली होती. बंबवाला भाऊराव शिडीवरून खिडकीतून आत शिरला. तिचा खोकला पाहून इतका कळवळला, की शिडीला बांधलेला पंचा सोडवून त्याने माठात बुचकळला आणि तिच्या नाकाला लावला. वीस वर्षांच्या नोकरीनंतर असला वेंधळेपणा, काय म्हणावं या माणसाला!

तिला खिडकीशी आणलं, तर शिडी नाही.

खाली शिडी सांभाळायला त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आनंदराव होता. माणूस बेफिकीर नव्हे. पण धुरात नीट दिसेना, पंचाही नाही, तेव्हा भाऊराव उतरला असं धरून त्याने शिडी शेजारच्या घराला लावली होती. तिथे गच्चीवर एक बाई तीन पोरांसह अडकली होती. पहिलं पोर नुकतंच उतरलं होतं.

मागे जिना कोसळला. फरशी तळव्यांना चटके देऊ लागली. भाऊराव मनापासून घाबरला.

"अरे भिया, आवाज दे ना!" असं गावच्या हिंदीमिश्रित बोलीत म्हणत सखुबाईनेच हाक मारायला तोंड उघडलं. भाऊरावने ते हाताने दाबलं.

"थांबा, मावशी. ते आनंदराव, माझे दाजी आहेत. मी इथं आहे कळलं, तर शिडी तशीच इकडे ओढतील. पहले बच्चों को उतरने दो."

दुसरं पोर उतरलं. तिसरं उतरलं. मग ती बाई पदर सावरत, एकेक पायरी चाचपत निघाली. भाऊरावला तिचा भयंकर राग आला.

तिचे पाय जमिनीला लागले तसा त्याने हात काढला आणि जीव खाऊन हाक मारली. धुराने आवाज पार बसला होता; घशातून नुसती हवा आली. पुन्हा मारली. तेच.

"आनंदराव!" सखुबाई कडाडली. "तुमचा मेहुणा वर आहे हो!"

शिडी आली. आधी सखुबाई उतरली, मागून भाऊराव. भर रस्त्यात आनंदरावने धाकट्या मेहुण्याचे पाय धरले.

"मीच तुला मारत होतो रे, भाऊ!"

चूक माझी होती, दाजी, असं भाऊराव पुन्हापुन्हा सांगत होता. ओठ हलत होते, पण शब्द एकही बाहेर पडत नव्हता.