नारिंगी की विटकरी

धुडकू पाटलांनी काचेची नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर तिरकी केली. आत चमचाभर निळं औषध आणि लघवीचे मोजून आठ थेंब. औषध उकळलं, हिरवट झालं, पिवळं झालं आणि पुढे सरकत राहिलं. सुरतेत पांडेसऱ्याच्या कापडमिलच्या रंगखात्यात बावीस वर्षं ते हेच करत आले होते. रंग कुठे थांबतो ते पाहायचं आणि नमुन्याशी जुळवायचं.

"थांबला का?" ओट्यापाशी उभ्या सुभद्राबाईंनी विचारलं.

"थांबेल."

"रोज माझ्या चहाच्या शेजारी हे उकळू राहिले तुम्ही. चाळीत कळलं तर चहाला कोणी यायचं नाही."

"तेवढीच साखर वाचेल."

आठ महिन्यांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पुरुषाच्या हार्मोनवर तो पोसतो, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन करून ते हार्मोनच बंद केलं. कंबरेचं दुखणं गेलं. मग पोट सुटू लागलं. मिलमधल्या तागे तोलायच्या काट्यावर नऊ किलो वाढले, दंड मात्र काटकुळे झाले. सुभद्राबाईंना पोट तेवढं दिसलं. दुखण्यातून उठलेला माणूस भरला की घरच्या बाईचं नाव होतं, अशी त्यांच्याकडची समजूत. त्यांनी अमळनेरहून डिंक मागवला, लाडू वळले आणि रोज सकाळी दोन समोर ठेवू लागल्या.

गेल्या महिन्यात रक्तात साखर आणि चरबी, दोन्ही चढलेल्या निघाल्या.

"खाण्यामुळं?" धुडकूंनी विचारलं होतं.

"खाण्यानं भर पडते," डॉक्टर म्हणाले. "पण मूळ उपचारात आहे. हार्मोन गेलं की स्नायू झडतात, चरबी साठते, साखर अंगी लागत नाही. कॅन्सर दाबून ठेवायचा तर हे सांभाळावं लागणार. नाहीतर उद्या डोळ्यांवर येईल."

डोळे म्हटल्यावर धुडकू खुर्चीत सरळ बसले होते.

तेव्हापासून ते लघवीतली साखर घरीच तपासू लागले आणि त्यांनी वही घातली. नळीतल्या रंगाशी जुळणारी मिलमधली चिंधी रोज एका पानावर चिकटवायची. पहिले काही दिवस विटकरी, म्हणजे साखर भरपूर. मग त्यांनी लाडू गुपचूप डब्यात घालून हाताखालच्या गजेंद्रला द्यायला सुरुवात केली. गेले तीन दिवस नारिंगी, म्हणजे थोडी कमी. शेड उतरत होती. बायकोला दुखवावं लागलं नव्हतं आणि डोळेही शाबूत राहणार होते.

आजही रंग थांबला. त्यांनी नळी दिव्यापासून दूर धरली आणि चिंध्यांमधून एक उचलली.

"नारिंगी," ते समाधानानं म्हणाले.

सुभद्राबाई हात पुसत जवळ आल्या. पंधरा वर्षं साड्यांवर टिकल्या लावून त्यांनी घर चालवायला हात दिला होता. त्या वाकून पाहत राहिल्या.

"हा विटकरी आहे."

"काहीतरीच."

"कालचाही विटकरी होता. परवाचाही. नळी मीच घासते ना. म्हटलं, तुम्ही रंगाचे मास्टर, तुम्हाला जास्त कळतं."

"अगं, लाडू तर गजेंद्र..." ते मध्येच थांबले.

"ठाऊक आहे. त्याची बायको मला विचारत होती, डिंक कुठला घालता म्हणून."

धुडकू हसले नाहीत. नळी आणि चिंधी घेऊन ते खिडकीत गेले. उन्हात एकदा इकडून धरली, एकदा तिकडून. मग डोळे चोळून पुन्हा पाहिलं. दोन्हींचे रंग एकच दिसत होते.

खुंटीवर कालचा सदरा होता. त्याच्या खिशात मरून कापडाचे दोन तुकडे होते, एक नमुन्याचा आणि एक रंगवलेल्या मालाचा. धुडकूंनी माल पास केल्यावर गजेंद्रनं ते परत आणून दिले होते. "मास्टर, एकदा पुन्हा पाहा ना," म्हणाला होता. सगळ्यांदेखत ते त्याच्यावर डाफरले होते.

त्यांनी तुकडे काढून बायकोच्या हातात दिले.

"हे एकच आहेत का गं?"

सुभद्राबाईंनी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग तुकडे खिडकीशी नेले, बोटांनी सपाट केले. त्यांनी एक ओट्याच्या या टोकाला ठेवला आणि दुसरा त्या टोकाला.