पहिली पोळी सेरेनची

गाईला घास दिल्याशिवाय मी अन्न घेत नाही. पुण्यात हे व्रत सांभाळताना ओढाताण व्हायची. वेल्समध्ये ते सोपं झालं, कारण माझ्या लेकीचं, ऋजुताचं, सासरच गुरांच्या शेतावर आहे. हे गेल्यावर मी तिच्याकडे आले. रोज कणकेचा पहिला उंडा बाजूला काढायचा, त्याची पोळी गूळ लावून सेरेनला द्यायची, मग माझा चहा. सेरेन म्हणजे त्यांच्या भाषेत चांदणी. काळ्या कपाळावर पांढरा ठिपका होता तिच्या. उन्हाळ्यात गुरं डोंगरावर असत, तेव्हा माझे व्याही इमरिस मला जीपमधून वर नेत. माझ्याहून मोठे, पण घरात सगळे म्हणतात म्हणून तेही मला आईच म्हणतात.

ऑक्टोबरात गुरं खाली आणायचा दिवस असतो. सेरेन पुढे, बाकीची मागे. कुत्री नुसती नावाला. गुरं आत शिरू नयेत म्हणून गावातले लोक आपापल्या बागेच्या फाटकाशी उभे राहतात. माझी जागा चॅपेलच्या कोपऱ्यावर, छत्री आडवी धरून. जावई रीस म्हणायचा, कुत्र्यांपेक्षा आई बऱ्या, भुंकत तरी नाहीत.

यंदा कोणी थट्टा केली नाही. टेस्टमध्ये पुन्हा गुरांचा टीबी निघाला होता. इथलं जनावर दुसऱ्या शेतावर न्यायला बंदी. जायचं तर फक्त कत्तलखान्यात. इमरिसचे गुडघे थकले होते, रीसची नोकरी कार्डिफला. जमीन झाडं लावणाऱ्या कंपनीला दिली आणि खाली उतरलेली गुरं त्याच दुपारी कत्तलखान्याच्या लॉरीत चढवायची ठरली.

मी एकीसाठीच धडपडत होते. इंग्लंडमधल्या एका गोशाळेतल्या सुप्रभाताई सेरेनला ठेवून घ्यायला तयार होत्या. खास परवानगी मिळते का, ते त्या विचारत होत्या. मी चॅपेलपाशी उभी असतानाच फोन आला.

"नाही जमलं हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या शेतावरून बाहेर काही येऊच शकत नाही. मी तीनतीनदा विचारलं."

मी बरं म्हणाले. त्यांना तरी काय म्हणणार?

तेवढ्यात वळणावर सेरेन दिसली. नेहमी छत्री बघून वळायची, यंदा माझ्यापाशी थांबली आणि पोळीची पिशवी हुंगू लागली. मागची सगळी गुरं थांबली. या दिवशी पोळी अंगणात पोचल्यावर मिळते, हा आमचा ठरलेला रिवाज.

"घरी गेल्यावर, बाळा," मी नेहमीसारखं म्हणाले. ती निमूट चालू लागली.

अंगणात लॉरीची फळी खाली टाकली होती. सेरेननं त्या फळीवर पाय ठेवला नाही. ती नाही म्हटल्यावर बाकीचीही हलेनात. ड्रायव्हरनं काठी काढली, तसा इमरिसनी त्याचा हात धरला. माझ्याकडे न बघताच ते बोलले.

"आई, तुमची पोळी. ती तुमच्या मागे येईल. नाहीतर मार खाऊन चढेल."

ऋजुता मधे पडली. म्हणाली, तिला नका सांगू हे, तिचं व्रत आहे ते. काठी अजून ड्रायव्हरच्या हातातच होती.

मी पिशवीतून पोळी काढली आणि फळीवर चढले. मागे खुरांचा आवाज आला. आत जाऊन तिला घास भरवला. रोजचा श्लोक ओठांवर आलाच नाही. तिची खरखरीत जीभ तळहातावरून फिरली, गुळासाठी नेहमी फिरायची तशीच. तिच्यामागून एकेक करत सगळी चढली. लॉरीच्या बाजूच्या छोट्या दारातून रीसनं मला बाहेर काढलं.

घरात ऋजुतानं पान वाढलं. इमरिस सिंकपाशी हात धूत उभे होते, बराच वेळ.

"आई, घास दिलास ना? मग जेव आता थोडं," ती म्हणाली.

खरं होतं. व्रत कुठं मोडलं होतं? पण हाताला गुळाचा वास होता, आणि तो हात तोंडापर्यंत जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळली आणि पहिला उंडा बाजूला काढून झाल्यावर लक्षात आलं. तो परत कणकेत मिसळवेना. त्यावर वाटी पालथी घातली. इमरिस जिना उतरून आले, जीपची किल्ली हातात घेतली, दाराशी जाऊन उभे राहिले. मग किल्ली परत खुंटीला लावून खुर्चीत बसले.