आधी दार बघायचं

सील फाटलेल्या खोक्यावर माझा विश्वास नाही. ते खोकं आणणाऱ्यावर तर मुळीच नाही. नव्या टॅबलेटच्या खोक्याचं सील फाटलेलं होतं आणि तो आणला होता माझ्या मेव्हण्याने. आणखी काय पाहिजे?

मेव्हणा मोबाइलच्या दुकानात विक्रीला उभा असतो. तोंड उघडलं की ऑफर, म्हणून आमच्या घरात त्याला ऑफरशेठ म्हणतात. त्याने शनिवारी टॅबलेट आणून दिला, म्हणाला, "भाचीसाठी माझ्याकडून. सगळं सेट करून दिलंय, फक्त चालू करायचं." हा माणूस फुकट काही देतो हे ऐकूनच माझे कान उभे राहिले.

टॅबलेट खेळायला नको होता. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, पण जीभ आणि ओठ तिचं ऐकत नाहीत. ती बोलते एका अ‍ॅपवरून. चित्रावर बोट ठेवलं की शब्द वाजतो, चार चित्रं दाबली की वाक्य होतं. दोन वर्षांत तिने आम्हाला इतकं ऐकवलं की तिचं नाव वकीलबाई पडलं. गेल्या आठवड्यात जुना टॅबलेट जिन्यावरून पडला आणि वकीलबाईंचं तोंड बंद झालं.

सोमवारी शाळेत तिची परीक्षा होती. तोंडी. शब्द शाळेचा, माझा नाही. उत्तरं दिली तर चौथीत बसवणार, नाही दिली तर खाली, बालवर्गाशेजारच्या खोलीत. तिथे सहा वर्षांची मुलं रंगीत ठोकळे रचतात. मागच्या वर्षी मी ती खोली बघून आलोय. एकदा आत गेलेलं पोर वर आलेलं मला कोणी दाखवलं नाही.

रविवारी सकाळी मी अ‍ॅपचं नाव शोधलं. पडद्यावर करड्या अक्षरात आलं, 'हे अ‍ॅप तुमच्या उपकरणाशी सुसंगत नाही.'

"संगत नाही म्हणे," मी बायकोला म्हणालो. "कशी असेल? तुझ्या भावाने दिलाय."

"झालं सुरू," ती म्हणाली.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. बावीस वर्षं करतोय. यंत्राला मी घाबरत नाही. टॅबलेट बंद करून चालू केला. अपडेट शोधला, तर सगळं ताजं होतं. जागा बघितली, ढीगभर रिकामी. तारीख-वेळ बरोबर. मग अ‍ॅपवाल्यांच्या पानावर चालणाऱ्या टॅबलेटची यादी काढली. आमचं मॉडेल त्यात वरून पाचवं होतं.

"बघ! यादीत आहे, तरी चालत नाही. म्हणजे खोकं एकाचं आणि आतला माल दुसऱ्याचा. दुकानात मांडून ठेवलेला, हजार लोकांनी हाताळलेला पीस गळ्यात मारलाय आपल्या."

खोक्यावरचा नंबर आणि टॅबलेटमधला नंबर मी आकडा आकडा ताडून बघितला. पंधराच्या पंधरा जुळले. मला बरं वाटायला हवं होतं. मी म्हटलं, स्टिकर काय, कोणीही चिकटवतो.

वकीलबाई एवढा वेळ माझ्या कोपराखालून बोट घालत होती. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पिवळं अस्वल होतं, गळ्यात लाळेरं बांधलेलं. त्या अस्वलावर ती टकटक करत होती. मी तिचा हात बाजूला सारला.

"थांब गं. खेळायचं नंतर."

पुन्हा टकटक.

"अहो, ती काहीतरी दाखवतेय," बायको म्हणाली.

"तिला अस्वल पाहिजे, मला अ‍ॅप पाहिजे. एका वेळी एक."

मुलगी उठली, पाय आपटत खिडकीशी जाऊन बसली. माझ्याकडे पाठ करून.

मी ठरवलं, सगळं पुसून कोरा करायचा. तर टॅबलेट पासवर्ड मागायला लागला. माझा घेईना, बायकोचा घेईना. खाली लिहिलं होतं, पालकाच्या फोनवर आकडा पाठवला आहे. पालक मी, आणि फोन माझा गप्प.

माझं डोकं फिरलं. ऑफरशेठला फोन लावला. "माझ्या मुलीचा पालक कोण रे?"

"ऑं? भावजी, हा काय प्रश्न आहे?"

"आकडा कोणाच्या फोनवर आलाय बघ."

"हां, माझ्याच. घाईत माझा नंबर टाकला. आलो, दहा मिनिटांत."

तो येईपर्यंत मी बायकोला सगळा डाव समजावून सांगितला. फुकट द्यायचं, किल्ली आपल्याकडे ठेवायची, उद्या अडवून धरायचं. तिने एकच विचारलं, "नऊ वर्षांच्या मुलीचा टॅबलेट अडवून त्याला काय मिळणार? चित्रं?"

मी आवाज वाढवला. ऑफरशेठ दारात आला तेव्हा मी बोलतच होतो.

"सील का फाटलं होतं, आधी ते सांग."

"अहो, सेट करायला उघडायला लागतं! बंद खोक्यात हात कसा घालू?"

"मग चालत का नाही?"

"काय चालत नाही ते तरी सांगा. मघापासून मला चोर म्हणताय. ताई, हे काय गं?"

"त्यांना विचार," बायको म्हणाली. "लिफ्ट बंद पडली की जगाला सांगतात, आधी दार बघायचं, मोटर नंतर. दहातल्या नऊ लिफ्ट दारामुळे अडतात म्हणे. आज सकाळपासून मोटरच खोलतायत. ती पोर बोट दुखेपर्यंत दार दाखवत होती."

मी अस्वलावर बोट ठेवलं.

मुलांचं खातं उघडलं. वर मुलीचं नाव. खाली लिहिलेलं, 'वय: तीन वर्षे.' त्याच्याखाली, 'या वयाला योग्य नसलेली अ‍ॅप्स बंद आहेत.'

ऑफरशेठने पडद्याकडे बघितलं, मग चपलांकडे.

"तीन का टाकलंस?" मी विचारलं. या वेळी हळू.

"ते... बोलत नाही ना ती. म्हटलं लहान मुलांचंच सगळं उघडावं. सोपं पडेल तिला."

तो लबाड नव्हता. लबाड असता तर मला बरं पडलं असतं, चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. माझी भाची, माझी भाची करत नऊ वर्षं तिला खांद्यावर घेणाऱ्या माणसाने मनापासून तिचं वय तीन लिहिलं होतं. आणि त्या खालच्या खोलीच्या दारावर दुसरं काय लिहिलेलं असतं?

त्याच्या फोनवरचा आकडा घातला. पालकाच्या जागी माझा नंबर गेला. वय मी मुलीलाच घालायला लावलं. अ‍ॅपचं नाव करड्याचं हिरवं झालं, उतरलं, आणि तिचे जुने सगळे शब्द आपापल्या जागी येऊन बसले.

तिने टॅबलेट मांडीवर घेतला. आधी मामाचा फोटो दाबला.

"मामा. तीन."

ऑफरशेठ हसला, कानापर्यंत लाल होऊन. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. थंडपणे.

"बाबा. पण. तीन."

सकाळभर तिचा हात मी किती वेळा बाजूला सारला ते मी मोजलं नव्हतं. तिने मोजलं असणार.

सोमवारी शाळेत बाई खुर्चीवरून पुढे वाकल्या आणि तान्ह्या मुलाशी बोलतात तसा आवाज काढला. "अले, आमच्या बाळाचं नाव काय?"

माझा हात टॅबलेटकडे गेला होता. मी तो मागे घेतला, मांडीखाली दाबून बसलो.

वकीलबाईने सावकाश, एकेक चित्र शोधून दाबलं.

"मी. बाळ. नाही. प्रश्न. विचारा."

बाई सरळ बसल्या. हातातलं ठोकळ्यांच्या चित्रांचं पुस्तक त्यांनी मिटलं, आणि खणातून चौथीचं काढलं.