पाऊण गॅलनचं नॉझल

लुसियनने पान्याला जोर दिला तसं बर्नरचं तेल फवारणारं नॉझल सुटून त्याच्या तळहातावर आलं. त्याने ते चिंधीने पुसलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि कोरलेला आकडा वाचला. एक पूर्णांक दहा शतांश.

घर तापवणाऱ्या बॉयलरवरच्या पत्र्याच्या पट्टीवर स्पष्ट लिहिलं होतं: तासाला पाऊण गॅलन तेल. बाजूला दोऱ्याने चिठ्ठी लटकत होती. गेल्या ऑक्टोबरची तारीख, ‘पाऊणचं बसवलं’ आणि खाली सही. सही त्याचीच होती.

बॉयलरच्या आतल्या फटी काजळीने गच्च बुजल्या होत्या. धूर चिमणीकडे जायचा सोडून तळघरात आणि तिथून वर घरात शिरत असणार.

ऑक्टोबरातल्या त्या दिवशी त्याची दोन कामं होती. सकाळी चर्चचं सभागृह, दुपारी हे रोझ-एमामावशीचं घर. दोन्हींची नॉझलं एकाच खिशात. डिसेंबरात सभागृह तापेना म्हणून फादरनी बोलावलं, तेव्हा तिथे पाऊणचं निघालं होतं. त्याने स्वतःला एक शिवी हासडली, दुसरं बसवलं आणि कॉफी पिऊन घरी गेला. मग सभागृहासाठीचं मोठं कुठे गेलं, असा प्रश्न त्याला पडला नव्हता.

“झालं का रे?” जिन्यावरून नॉर्मंडने विचारलं. मावशीचा हा एकुलता एक मुलगा. घर विकलं होतं, कागदांवर सह्याही झाल्या होत्या. शुक्रवारी किल्ल्या द्यायच्या म्हणून ही साफसफाई.

“नॉर्मंड, गेल्या हिवाळ्यात आईला नेमकं काय होत होतं?”

“काय सांगू तुला! सकाळी मी यायचो तेव्हा डोकं धरून बसलेली असायची. मला माझ्या बापाच्या नावाने हाक मारायची. शेगडीवर भांडं ठेवून विसरायची.” तो खाली उतरला. “म्हणायची, बॉयलरचा वास येतो. मी म्हटलं, वास तुझ्या डोक्यात आहे. त्यात ते विषारी हवा ओळखणारं यंत्र सारखं किंचाळायचं. बिघडलंय म्हणून शेवटी मीच काढून टाकलं.”

लुसियनने नॉझल पुन्हा चिंधीने पुसलं.

“आणि गंमत बघ. मार्चमध्ये वृद्धाश्रमात ठेवली, महिन्याभरात ठणठणीत! अख्ख्या गावाचे वाढदिवस तोंडपाठ. नर्स विचारतात, हिला इथे कशाला आण—”

तो मध्येच थांबला. लुसियनने तळहात पुढे केला होता.

“हे मोठं आहे. मी चुकून बसवलं. तेल पुरतं जळत नव्हतं, विषारी धूर घरात येत होता. तिचं डोकं ठीक होतं.”

नॉर्मंडने नॉझलला हात लावला नाही. तो खालच्या पायरीवर बसला आणि बुटाची सुटलेली नाडी बांधू लागला. ती काही केल्या बांधली जाईना.

“तिला सांगू नकोस,” अखेर तो म्हणाला. “‘मला वेडी ठरवलंस’ म्हणून किती रडली. आता कुठे तिने तिथे राहणं मान्य केलंय.”

लुसियनने फटी घासून काढल्या. पाऊणचं नॉझल तीनदा वाचून बसवलं. ज्योत लागली, धूर तपासला. सगळं निर्मळ होतं. घरात राहणारं कुणी नव्हतं.

घरी जायच्या वळणावर त्याने गाडी वळवली नाही. ती सरळ वृद्धाश्रमाकडे नेली.

मावशी खिडकीशी शब्दकोडं सोडवत बसली होती. त्याने टोपी हातात धरून उभ्यानेच सांगितलं. नॉर्मंडने काढलेल्या यंत्राचं तेवढं वगळलं.

तिने पेन्सिल खाली ठेवली. बाहेर नदी होती आणि नदीपलीकडे कॅनडातली बटाट्याची रिकामी शेतं.

“नॉर्मंडला ठाऊक आहे?”

“हो.”

“मग मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस.”

“मावशी, घराचा सौदा अजून थांबवता आला तर...”

“आणि रोज माझ्याकडे येऊन त्याने माझं तोंड बघायचं?” तिने मान हलवली. “कुणी घेतलंय घर?”

“तरुण जोडपं आहे. सहा महिन्यांची मुलगी आहे त्यांना.”

“आता नीट बसवलंस?”

“हो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने नजर खाली घातली.

“पुन्हा एकदा बघून ये,” ती म्हणाली. “मी इथेच आहे.”