बावीस खुर्च्या आणि एक जास्तीची

देश उभारायचा म्हणजे नेमकं काय करायचं, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, आधी आकडा द्या. माणसं किती बसणार ते सांगा, खुर्च्या मी करतो. पाच आठवडे मी हेच सांगत होतो आणि पाच आठवडे मला कुणी आकडा देत नव्हतं.

टपालखात्याच्या जुन्या इमारतीत नव्या देशाची घटना लिहायचं काम चाललं होतं. पूर्वी जिथे पत्रं गावांप्रमाणे वेगळी करायचे, त्या लांबलचक दालनात अकरा प्रांतांचे प्रतिनिधी दारं लावून भांडत बसायचे. मागच्या अंगणात टपालगाड्यांची पत्र्याची शेड होती, तिथे माझं सुतारकाम. खालच्या सभागृहाचं कधीच ठरलं होतं: जितकी डोकी तितक्या जागा. ती बाकं दुसऱ्या कुणाकडे होती. माझ्याकडे आलं होतं वरचं सभागृह, आणि भांडण नेमकं त्याचंच. मोठ्या प्रांताचे वकीलसाहेब म्हणत, इथेही डोकीच मोजा. सहा लहान प्रांत म्हणत, निदान इथे तरी सगळे सारखे असू द्या. प्रत्येकाला दोन खुर्च्या, मग तो प्रांत केवढाही असो.

लहानांतला सगळ्यांत लहान आमचा. "यांच्या प्रांतात जेवढी माणसं आहेत, तेवढी आमच्याकडे एका वेळी रस्ता ओलांडतात," असं वकीलसाहेब भर सभेत म्हणाले आणि सभा खो खो हसली. हे मला ताईनं सांगितलं. खरं तर सांगायला नको होतं, कारण घटना पुरी होईपर्यंत आतलं बाहेर सांगणार नाही अशी शपथ आम्ही सगळ्यांनी घेतली होती. अध्यक्षांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी. पण ताई माझी थोरली बहीण, आणि आमच्या प्रांताच्या दोन प्रतिनिधींपैकी एक. दुसरे डॉक्टरकाका. आमच्या अर्ध्या प्रांताची नाळ त्यांनीच कापलेली.

ताई शाळेत भूगोल शिकवायची. निवडून आली ती एका वाक्यावर: "आपल्या दोन खुर्च्या घेतल्याशिवाय मी परत येणार नाही." तेव्हापासून आमचे अण्णा रोज संध्याकाळी सहाला मला फोन करत आणि तब्येत वगैरे न विचारता थेट म्हणत, "आपल्या खुर्च्या झाल्या का रे?" अण्णाही सुतारच. हात थरथरायला लागले म्हणून रंधा खाली ठेवला, एवढंच. त्यांचं साधं मत होतं की एकदा खुर्ची तयार झाली की ती नाकारायची कुणाची छाती होणार नाही.

मला ते पटलं होतं. सभेच्या चिटणीसबाई तोंडी म्हणाल्या होत्या, "बावीस धरून चला, पण माझं नाव घेऊ नका." मी बावीस धरल्या आणि वर एक जास्तीची. ती आम्ही कुठल्याही कामात करतोच. वर्षभरात कुणीतरी खुर्चीचा पाय मोडतोच आणि मग त्या लाकडाला जुळणारं लाकूड जन्मात मिळत नाही. आणि मी पक्षपात केला, कबूल करतो. सगळ्यांत आधी आमच्या दोन केल्या. सगळ्या गठ्ठ्यातली सरळ रेषांची फळी शोधून त्यांच्या पाठी केल्या, सांधे असे बसवले की नख घालायला जागा नाही. पाठीवर प्रत्येक प्रांताची खूण कोरायची होती. आमची पाणकोंबडी. तिच्या शेपटीवर मी तीन दिवस घालवले. ताई बघायला आली तेव्हा म्हणाली, "कोंबडी जरा जाडी झालीय, रंध्या." लहानपणापासून मला ती रंध्याच म्हणते. ती हसली, आणि मग खुर्चीच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिली. तिच्या मनात काय चाललंय हे तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं, दमलीय.

खुर्च्या जमिनीत बोल्टनं बसवायच्या होत्या, म्हणून मला बैठकीचा नकाशा हवा होता. भोकं एकदा पाडली की पाडली. "नकाशा द्या, नकाशा द्या," म्हणून मी चिटणीसबाईंचं डोकं खाल्लं. त्या वैतागून म्हणायच्या, "मिस्त्री, अजून मत व्हायचंय!" मी म्हणायचो, "तुमचं मत एका दिवसात होईल, माझं पॉलिश एका दिवसात वाळणार नाही." शेवटी मंगळवारी सकाळी त्यांचा शिपाई पाकीट देऊन गेला.

मी नकाशा कामाच्या टेबलावर पसरला आणि मोजलं. अर्धगोलात वीस चौकोन. खाली सुबक अक्षरात लिहिलेलं, "वीस, अधिक एक जास्तीची." पुन्हा मोजलं. वीस. प्रत्येक जोडीवर प्रांताचं नाव होतं. दहा नावं. आमचं नव्हतं.

मला राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. आम्हाला विसरायची सगळ्यांना सवयच आहे. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात आमच्या प्रांतावर नेहमी खुणांचे अर्थ सांगणारी चौकट छापलेली असते, कारण ती कुठेतरी छापायलाच लागते. हवामानाच्या बातम्यांत सगळीकडे पाऊस पडतो, आमच्याकडे काहीच पडत नाही. तर कुठल्यातरी कारकुनानं नक्कल करताना आम्हाला गाळलं, असंच मी धरून चाललो. दुसरं काही मनात आलंसुद्धा नाही. नकाशा गुंडाळला, अंगावरचा भुसा झटकला आणि तडक आत गेलो.

अकराची चहाची सुट्टी होती. सगळे प्रतिनिधी दालनात कप घेऊन उभे होते. भिंतीभर पत्रांचे जुने खण, त्यांवर पुसट झालेली गावांची नावं. खिडकीपाशी ताई, वकीलसाहेब, अध्यक्ष आणि चिटणीसबाई असे चौघं घोळका करून बोलत होते. मी नकाशा वर धरला आणि माझ्या शेडमधल्या आवाजात, म्हणजे करवत चालू असताना जो लागतो त्या आवाजात म्हणालो,

"बाई, तुमच्या माणसानं घोळ घातलाय! वीसच खुर्च्या लिहिल्यात. जास्तीची एक धरलीत ते बरं केलंत, पण आमच्या दोन राहिल्या की!"

कुणी हसलं नाही. मी हसण्याच्या तयारीत होतो, तो तसाच उभा राहिलो. चिटणीसबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. वकीलसाहेबांचा कप ओठांपाशी थांबला. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. आणि ताई माझ्याकडे अशी बघत होती, की लहानपणी मी पटाशीनं अंगठा कापून घेतला होता तेव्हाच काय ते तिनं तसं बघितलं असेल.

तेव्हा मला कळलं की घोळ झालेला नाही. नकाशा हातातून सुटला आणि आपोआप गुंडाळी होऊन फरशीवर घरंगळत गेला.

डॉक्टरकाकांनी तो उचलला. चष्मा वर करून बराच वेळ बघितला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "बेटा, हे काय आहे?"

ताईनं कप खिडकीत ठेवला. "काका, सगळ्यांना दोन-दोन खुर्च्या द्यायला मोठा प्रांत तयार झालाय. एका अटीवर. आपला प्रांत त्यांच्यात विलीन करायचा. म्हणजे दहा प्रांत."

"आणि तू?"

"मी हो म्हणाले. शनिवारी."

शनिवारी! रविवारी ती माझ्यासमोर बसून पाणकोंबडीला हसली होती. आजूबाजूला एकदम गलका उठला. शेजारच्या लहान प्रांताचे मिठागरवाले, जे रोज दुपारी आमच्या डब्यातलं खायचे, ते सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "हे चालणार नाही! एका लेकराचा गळा दाबून बाकीच्यांनी जेवायला बसायचं होय?" मला रडू फुटायचं बाकी होतं. वाटलं, आहेत, आपली माणसं आहेत. माझ्या मूर्खपणानं निदान एवढं तरी झालं.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी घंटा वाजवली. "आता झाकून काही उपयोग नाही. मत गुरुवारी ठरलंय, पण तोवर थांबलो तर उद्या हे शहरभर होईल. जागेवर बसा, मत आत्ताच घेऊ." दारं बंद झाली. मला बाहेर काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी पत्रांच्या खणांना पाठ टेकून उभा राहिलो.

नियम सरळ होता. प्रत्येक प्रांताचं एकच मत, आणि त्यासाठी त्या प्रांताच्या दोन्ही प्रतिनिधींचं एकमत हवं. नसेल तर मत नोंदलं जाणार नाही. चिटणीसबाई नावं वाचायला लागल्या. मोठा प्रांत: हो. त्याच्या बाजूनं असलेले चार: हो. ते अपेक्षितच होतं. मग लहानांची पाळी आली. पहिला लहान प्रांत. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"हो."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दुसरा. "हो." तिसरा. "हो." हे तेच लोक, जे पाच मिनिटांपूर्वी टेबलं बडवत होते. कुणी टाचणी उचलत होतं, कुणी बुटाची नाडी बघत होतं. मिठागरवाल्यांचं नाव आलं. मी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिलो. त्यांच्यासमोर त्यांचा कप होता, रिकामा. त्या रिकाम्या कपात बघून ते म्हणाले, "हो."

सगळ्यांना दोन-दोन खुर्च्या मिळत होत्या. त्यात बसून आमच्यासाठी वाईट वाटून घ्यायला ते मोकळे होते. मला हे आधी का कळलं नाही, याचा मला आजही राग येतो.

शेवटी आमचं नाव. डॉक्टरकाका उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती. "नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला.

ताई बसूनच म्हणाली, "हो."

चिटणीसबाईंनी कागदावर रेघ मारली. "एकमत नाही. मत नोंदलेलं नाही." म्हणजे झालं असं, की आमचा प्रांत जगातून गेला आणि त्यावर आमचं साधं नाहीसुद्धा कुठे लिहिलं गेलं नाही. बाहेर पडताना बाई माझ्यापाशी थांबल्या. वाईट नव्हत्या त्या, फक्त कामाचं बघणाऱ्या. "मिस्त्री, तुमच्या त्या दोन तयार आहेत ना? त्यातली एक जास्तीची म्हणून चालेल की. खूण तेवढी तासून टाका."

मी शेडमध्ये आलो आणि हातात रंधा घेऊन नुसता बसून राहिलो. ताई कधी आली कळलं नाही.

"बोल," ती म्हणाली. "शिव्या दे."

"का केलंस?"

"मोठा प्रांत उठून चालला होता, रंध्या. सामान बांधलं होतं त्यांनी. ते गेले असते तर देश झालाच नसता. मग भांडण झालं असतं, आणि आपली हद्द त्यांच्याशी दोन्ही बाजूंनी. भूगोल मी शिकवते, तू नाही. पहिलं घर कुणाचं जळलं असतं?"

"जळलंच असतं कशावरून?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "तेच तर. मला नक्की काहीच माहीत नाही." आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मला तिला धरावंसं वाटलं आणि ढकलावंसंही वाटलं, आणि दोन्हीपैकी काहीच जमलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू शेपटी कोरत होतास."

डोळे पुसत ती मागे सरकली आणि जे हाताला लागलं त्यावर बसली. ती आमच्याच दोनांतली एक होती. तिच्या लक्षात आलं तशी ती अर्धवट उठली आणि पुन्हा टेकली. बसून राहिली. पाणकोंबडी तिच्या खांद्यामागून डोकावत होती.

फोन वाजला. सहा वाजले होते. आम्ही दोघं त्या फोनकडे बघत राहिलो. आतलं बाहेर सांगायचं नाही अशी शपथ होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या शपथेचे उपकार वाटले. मी उचलला.

"आपल्या खुर्च्या झाल्या का रे?"

"झाल्या, अण्णा. दोन्ही झाल्या."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "झाल्या," ते कुणाला तरी सांगत होते, बहुतेक शेजाऱ्यांना, ओरडून, "आपल्या झाल्या!" पुन्हा फोनवर आले तेव्हा त्यांचा आवाज फुलला होता. "सांधे हलत नाहीत ना? आधी ताईला बसव तिच्यात. तिचा मान पहिला."

मी ताईकडे बघितलं. तिनं दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"बसलीय, अण्णा," मी म्हणालो.