दोन पाय कमी

“काका, तुम्ही मुद्दाम उभे आहात की अडकलात?” लाकडी पुलावरून दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं.

“निरीक्षण करतोय,” काका म्हणाले. ते गुडघ्यापर्यंत चिखलात होते आणि खेकड्याच्या वेषात होते.

वेष काकूंनी जुन्या सोफ्याच्या कापडातून शिवला होता. कापड संपलं तेव्हा खेकड्याला दोन पाय कमी पडले. “केंद्र राहिलं तर उरलेले शिवते,” काकू म्हणाल्या होत्या. मुलांनी विचारलंच, तर काका सांगायचे, तुटलेत, परत येतील. खेकड्याच्या बाबतीत हे खरं असतं. सोफ्याच्या बाबतीत नाही.

खारफुटी माहिती केंद्रात येणारी आता एकच शाळा उरली होती. तिनेही पाठ फिरवली, की केंद्राला कुलूप. म्हणून आज मुख्याध्यापिका स्वतः बघायला आल्यावर काकांनी ठरवलं, खेकड्याने पुलावरून भाषण ठोकण्यापेक्षा चिखलात उतरून बोलावं. इथवर बेत चांगला होता.

“भरती कधी आहे?” मुख्याध्यापिकांनी विचारलं.

“सुरू झालीये,” काका अदबीने म्हणाले.

“मग वर या.”

“धडा संपवून येतो. तर मुलांनो, पान गळतं, चिखलात जातं. आत हवा पोचत नाही, म्हणून ते फार सावकाश कुजतं. झाडाने हवेतून ओढून घेतलेला कार्बन इथेच गाडलेला राहतो. चिखल सहजासहजी काही सोडत नाही.”

“ते दिसतंय,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“म्हणजे तुम्हीपण सावकाश कुजणार?” एका चष्मेवाल्या मुलाने आशेने विचारलं.

पाणी मुळांपाशी आलं. दोन वेण्या कठड्यावरून वाकल्या. “काका, सकाळी तुम्हीच शिकवलंत ना? अडकलं की ताठ उभं राहायचं नाही. मागे रेलायचं, पाय हळूहळू हलवायचे.”

“ते तुमच्यासाठी होतं.”

“तुम्ही आमच्यापेक्षा जड आहात.”

काकांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. नोकरीचा निर्णय घेणाऱ्या बाईंसमोर आडवं व्हायचं म्हणजे जरा अवघडच.

“झोपा हो,” त्या म्हणाल्या. “मी बगळा बघतेय.”

त्या खरंच बगळा बघू लागल्या. सोफ्याचं कापड घातलेले काका सोफ्यावर पडावं तसे मागे रेलले. मुलांनी पुलाच्या टोकाची पाटी उपटून त्यांच्याकडे सरकवली. पाटीवर काकांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘चिखलात उतरू नये’. तिच्यावर पालथं पडून काका पुलाशी आले. डावा पाय बुटासकट आला. उजवा नुसताच आला.

काकांच्या नांगीतून पाणी ठिबकत होतं.

“पुढच्या वर्षी दोन वर्ग पाठवते,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “सकाळचा धडा संध्याकाळपर्यंत लक्षात राहिलेला मी आमच्या शाळेत अजून पाहिला नाही. फक्त खेकडा पुलावर राहील.”

काका मटकन खाली बसले. जीव भांड्यात पडला होता आणि बूट खाडीत.

घरी काकूंनी दार उघडलं. चिखल पाहिला, अनवाणी पाय पाहिला.

“गेलं?”

“बूट गेला. केंद्र राहिलं.”

काकूंनी त्यांना बाहेरच थांबायला सांगितलं. मग आत जाऊन खिडकीचा पडदा उतरवला आणि कात्री शोधू लागल्या.